इंजिनाआधी बाबांच्या पावत्या

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय २९, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी यंत्रावर नोकरी, हातात महिना ३८ हजार. जुनी घेतलेली रॅप्टर ७०० ही यामाहाची चारचाकी मोटारसायकल (एटीव्ही) घरच्या शेतात आणि माळावर चालवतात. आता ताकद वाढवायला १०५ मिलिमीटरचा मोठा पिस्टन, कॅम, एक्झॉस्ट आणि ट्यूनिंग करायचंय. खर्च २ लाख. त्यासाठी १४ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज काढू का, हा प्रश्न. हप्ता कुठून? ‘बाबांच्या १६ लाखांचं व्याज येतंच.’ ही ठेव एका सौहार्द सोसायटीत आहे, साडेअकरा टक्क्यांनी, चार-चार लाखांच्या चार पावत्या, सगळ्या बाबांच्याच नावावर. मुदत पुढच्या महिन्यात संपते, आणि नूतनीकरण ठरलंय. सोसायटीसाठी घरोघरी ठेवी गोळा करणाऱ्या पिग्मीवाल्या काकांनी सांगितलंय, पाच लाखांच्या आतली प्रत्येक पावती विम्यात बसते.

तुम्ही इंजिनाचं विचारलंत, पण माझी झोप उडवली ती या पावत्यांनी.

५ लाखांचा ठेवविमा बँकांतल्या ठेवींना असतो, सहकारी बँका धरून. सौहार्द सोसायटी बँक नव्हे. ती कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेली संस्था. तिच्या ठेवींना एका रुपयाचंही विमाकवच नाही. आणि खऱ्या बँकेतसुद्धा पावत्या फोडून काही साधत नाही. त्या बँकेतल्या एका माणसाच्या नावावरच्या सगळ्या ठेवी एकत्र धरतात आणि व्याजासह मिळून मर्यादा ५ लाखच. काकांनी सांगितलेलं दोन्हीकडून चूक आहे. कमिशनसाठी निवृत्त माणसाला असं सांगून पैसे घेतले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

तुमची सोसायटी आज नीट चालत असेलही. पण जास्तीचं मिळतं तरी किती? साडेअकराने वर्षाला १ लाख ८४ हजार. बाबा ६३ वर्षांचे आहेत. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हे लिहिताना ८.२ टक्के मिळतात, म्हणजे १ लाख ३१ हजार. फरक ५३ हजारांचा. या ५३ हजारांसाठी १६ लाख पणाला लागलेत. तेवढी रक्कम नुसत्या फरकातून भरून यायला ३० वर्षं लागतील. योजनेची मर्यादा ३० लाख, त्यामुळे सगळे १६ लाख त्यात बसतात आणि दर तिमाहीला सुमारे ३२,८०० खात्यात येतात. नूतनीकरण नको, पैसे परत हवेत, असा लेखी अर्ज सोसायटीला मुदतीच्या आधीच द्या, पोच घ्या. ‘आणखी सहा महिने राहू दे’ असं कुणी म्हणालं, तर मुळीच ऐकू नका.

आता कर्ज. २ लाख, दोन वर्षं, हप्ता साधारण ९,६००. परतफेड २ लाख ३० हजार. तुमच्या छंदाचा हप्ता बाबांच्या म्हातारपणाच्या व्याजातून जाणार, हे मला अजिबात पटत नाही. ‘विकताना दीड लाख जास्त येतील’ ही आशाही सोडा. जुनी गाडी घेणारा उघडलेल्या इंजिनाला जास्त पैसे देत नाही, उलट घासाघीस करतो.

शिवाय तुम्हीच लिहिलंय की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि एअर फिल्टर पावसाळ्यापासून काढलेला नाही. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले असणार. आपल्याकडच्या लाल मातीची धूळ पिठासारखी बारीक, फोमचा फिल्टर दर फेरीनंतर धुऊन तेल लावून बसवायला हवा. आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो आणि तो कुठून गळतो, ते तपासा, व्हॉल्व्हचं अंतर बघा, मागची चाकं धरणाऱ्या स्विंगआर्मच्या बेअरिंगांना ग्रीस द्या. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) १०२ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८४. १०५ केल्यावर ६८६ चे ७२७ सीसी होतात, जेमतेम ६ टक्के. उद्यमबागेत बोअरिंग सुंदर होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण या सिलिंडरला आतून कठीण लेप असतो. बोअर केल्यावर तो पुन्हा चढवावा लागतो, नाहीतर नवा सिलिंडरच. नुसता एक्झॉस्ट बदलून इंधनाचा मॅप (किती पेट्रोल सोडायचं याचं सेटिंग) तसाच ठेवलात, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन तापेल.

पगारातून महिना ५ हजार बाजूला टाका. आठ महिन्यांत ४० हजार होतील. त्यातून रिंगा, सील आणि सस्पेन्शनची सर्व्हिस करा. कर्जाचा अर्ज भरू नका. पावत्यांचा अर्ज मात्र याच आठवड्यात, बाबांना सोबत घेऊन, द्या.