उन्हाळ्यातलं जंगल : वाचकांचे प्रश्न, माजी वनपालाची उत्तरं

मेळघाटात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल होऊन निवृत्त झालो. अजूनही फेब्रुवारी लागला की नाक आपोआप धूर हुंगायला लागतं. यंदा आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतो. ‘वाघ हमखास कुठे दिसेल’ असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. ते जिप्सीवाल्यांना विचारावं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत उन्हाळ्यापुरते रेंजर नेमतात. आपल्याकडे सुट्टीत दोन महिने असं काम मिळेल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

आधी शब्दाचा घोळ सोडवू. तिकडे पर्यटकांना माहिती देणाराही रेंजर आणि गस्त घालणाराही रेंजर. आपल्याकडे रेंजर म्हणजे वनक्षेत्रपाल, अख्ख्या परिक्षेत्राचा कारभारी. त्याच्या हाताखाली वनपाल, वनपालाच्या हाताखाली वनरक्षक. वनरक्षकाकडे एक बीट, म्हणजे राखायला नेमून दिलेला जंगलाचा तुकडा असतो आणि जंगल चालतं ते त्याच्या पायांवर.

हंगामी माणसं आपल्याकडेही असतात, पण त्यांना रुबाबदार टोपी नसते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. तेवढ्यापुरते रोजंदारीवर फायर वॉचर घेतात, बहुतेक लगतच्या गावांतले, आमच्याकडे कोरकू आदिवासी. हे काम तुला मिळणार नाही आणि मिळूही नये. रात्री दोनला समोरच्या डोंगरावर ठिणगी दिसली, तर ती कुठल्या नाल्याच्या माथ्यावर आहे आणि तिथे चढायला वाट कुठून आहे, हे तो अंथरुणातून उठता उठता सांगतो. तू मोबाइलवर नकाशा उघडेपर्यंत आग डोंगराच्या धारेवर पोचलेली असेल. शिवाय त्या मजुरीवर त्याच्या घरचा जून-जुलै निघतो.

खरंच यायचं असेल तर वनरक्षक भरती आहे. विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी झालेली चालते. धावण्याशिवाय चार तासांत चालायची परीक्षा असते, मुलांना २५ आणि मुलींना १६ किलोमीटर. अभियंत्यांनी सरावाला मेट्रोचा जिना धरू नये, चिखलाचा रस्ता धरावा.

एवढ्या उन्हात जंगल आपोआप पेटतं का? बांबूवर बांबू घासून वणवा लागतो असं शाळेत ऐकलं होतं. (शिक्षिका, सांगली)

बाई, बांबूनं बांबूला पेटवलेली आग मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. काडी पाहिली, विडी पाहिली, शेताच्या बांधावरून आत शिरलेली आग पाहिली. जंगलात आग लागत नाही, ती गावातून चालत येते. म्हणून तिचा बंदोबस्तही गावातच करावा लागतो.

मार्चमध्ये सागाची पानं गळून घोट्यापर्यंत थर साचतो. त्याच सुमाराला मोह फुलतो. फुलं पहाटे टपटप पडतात आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन घरचं कुणीतरी झाडाखाली बसलेलं असतं. कुरकुरीत पानांत ती पिवळट फुलं शोधायची म्हणजे डोळ्यांची परीक्षा. म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी झाली की फुलं लखलख दिसतात. पेटवणाऱ्याच्या मनात एका झाडाखालची जागा असते, पण वाऱ्याला हद्द कोण सांगणार? पुढे तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम. जाळलं की तेंदूला कोवळी, मोठी पानं फुटतात असा समज आहे. सत्तर पानांचं एक पुडकं, अशी पुडकी मोजून पैसे मिळतात. पोट त्यावर असेल, तर माझ्या भाषणानं कोण थांबणार?

नवीन असताना मी भाषणंच द्यायचो. वर्दीत उभं राहून, कायद्याची कलमं सांगत. एका म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग झाडू तू मारतोस का?’ दुसऱ्या दिवशी मी आणि दोन मजूर खराटे घेऊन तिच्या मोहाखाली गेलो. अर्ध्या तासात जागा स्वच्छ झाली. त्या झाडाखाली पुन्हा काडी लागली नाही. नंतर काही घरांनी जुन्या साड्या झाडाखाली अंथरायला सुरुवात केली, फुलं मातीत पडेनात, भावही बरा मिळू लागला. खराटा मारायला आम्ही सगळीकडे पोचलो असं मात्र नाही.

बाकी यंत्रणा आहेच. हंगामाआधी जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीचे पट्टे साफ करून, आपणच देखरेखीखाली जाळून टाकायचे. आग तिथे आली की तिला खायला काही उरत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहानं टिपलेल्या आगीचा निरोप मोबाइलवर येतो. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. मधल्या काळात मचाणावरचा माणूसच कामाला येतो.

विझवताना आगीच्या तोंडाला जायचं नाही. चढावर ती माणसापेक्षा जोरात धावते. बाजूनं धरायची, पाठीवर ब्लोअर अडकवून पाला उडवत पट्टा काढायचा, ओल्या फांदीनं झोडपायचं. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हाचं तासाभराचं काम दुपारच्या चार तासांना भारी पडतं. आणि विझली म्हणून घरी जायचं नाही. सालईचं पोकळ, वठलेलं झाड असेल तर ते आतल्या आत दोन-तीन दिवस धुमसतं. मी एकदा अशीच एक सालई सोडून आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि तिनं पोटातल्या ठिणग्या पलीकडच्या गवतावर फेकल्या. तो डोंगर पावसापर्यंत मला रोज काळा दिसत होता.

टँकरनं पाणवठे भरणं म्हणजे जंगलाचं प्राणिसंग्रहालय करणं नाही का? (वाचक, ठाणे)

शंका रास्त आहे. पाणी सगळीकडे सारखं केलं तर जनावरं एका जागी गोळा होतात, भोवतालचं गवत संपतं, रोगही पसरतात. म्हणून दिसेल तिथे हौद बांधायच्या उत्साहाला माझा विरोधच असायचा. पण पूर्वी जनावर ज्या डोहावर जायचं, त्याच्या काठी आता शेत आहे, पाण्याची मोटार आहे, रस्ता आहे. वाट आपण अडवायची आणि वर निसर्गाचा नियम सांगायचा, हे काही बरोबर नाही.

सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या आमच्या नद्या मे महिन्यात तुटक डोहांच्या माळा होतात. जिथे डोह टिकत नाही तिथे सौरपंपावर किंवा टँकरवर चालणारे पाणवठे. बशीसारखे उथळ हवेत, कडा खरबरीत आणि उतरत्या, म्हणजे कासव किंवा पाडस आत गेलं तर बाहेर येतं. सरळ भिंतीचा हौद म्हणजे सापळाच.

पाणी भरणं हे त्यातलं सोपं काम. वनरक्षक रोज सकाळी पाणवठ्यावर जातो तो आधी काठ बघायला. मेलेले बेडूक, मधमाश्या, एखादा पक्षी दिसला तर पाण्यात विष असू शकतं. मग ते पाणी उपसून पाणवठा धुवेपर्यंत तिथून हलायचं नाही. त्यानंतर पाण्याकडे येणाऱ्या पायवाटा चालून तारेचे फास शोधायचे. शिकाऱ्यालाही उन्हाळ्यात जनावर कुठे येणार हे आमच्याइतकंच ठाऊक असतं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायला मचाणावर बसायची संधी मिळाली आहे. काय न्यावं? आणि या मोजणीतून वाघ किती ते कळतं का? (बँक कर्मचारी, नागपूर)

दुसरं आधी : नाही. एकच जनावर रात्रीतून दोनदा येतं, शेजारच्या पाणवठ्यावरही जातं. वाघांचा अंदाज २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि पट्ट्यांच्या नक्षीवरून काढतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्राचा आकडा ४४४ आला तो तसाच. मचाणावरच्या रात्रीला आता वन विभागच ‘निसर्गानुभव’ म्हणतो, ते योग्य आहे.

नेण्यासारखं : पाणी भरपूर, मळकट रंगाची चादर, न वाजणारं खाणं. ‘न वाजणारं’ या शब्दांकडे लक्ष द्या. मी एकदा घरचा चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत नेला होता. मध्यरात्री भूक लागली, गाठ सोडली, आणि पाण्यापासून दहा पावलांवर आलेला गवा फुस्स करून वळला तो परत आलाच नाही. सोबत्यानं पहाटेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. दशम्या न्या, कापडात बांधून.

काय दिसेल ते सांगतो. चांदण्यात भुत्याचं झाड चुन्यानं रंगवल्यासारखं उभं असतं, पान एक नाही. रातवा ठोके दिल्यासारखा ओरडत राहतो. मग सांबराची मादी येते, म्हणजे आधी येतो तिचा कान. झाडीच्या कडेला ती उभी. एक पाय उचललेला, खाली ठेवतच नाही. चार पावलं, थांबली. मागे पाडस, तेही थांबलं. तीस पावलांच्या अंतराला तिनं वीस मिनिटं घेतलेली मी घड्याळ लावून पाहिली आहेत. पाण्याला तोंड लावलं तरी घोट घेऊन मान वर, घोट घेऊन मान वर. त्या मधल्या वेळात तुमची मांडी मुंग्यांनी भरलेली असते. साळिंदर त्या मानानं बिनधास्त, काटे खुळखुळवत बाजाराला आल्यासारखं येतं.

वाघ आला तर आला.

जंगलात सगळ्यात भीती कशाची? (आठवीतला वाचक, लातूर)

अस्वलाची. मोह पडतो तेव्हा पहाटे तेही त्याच झाडाखाली असतं. त्याला कमी दिसतं, नाकाचं लक्ष खाण्यात, आणि अचानक माणूस जवळ आला की घाबरून अंगावरच येतं. म्हणून आम्ही पहाटे मोठमोठ्यानं बोलत, काठी आपटत चालतो. पळायचं नाही. अंगावर आलंच तर पालथं पडून मान हातांनी झाकायची. वाघ बहुतेक वेळा आपल्याला बघून आधीच निघून गेलेला असतो.

माझी मुलगी नुकतीच वनरक्षक झाली. पहिली नेमणूक, तीही मार्चमध्ये, संरक्षण कुटीवर, म्हणजे जंगलातल्या गस्तीच्या चौकीवर. तिच्यासोबत काय देऊ? (एक आई, वाशीम)

ताई, अभिनंदन. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, दुपारी पाय सुजतात. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, दोन पंचे, मीठ-साखरेच्या पुड्या, चांगली विजेरी आणि तिचे जास्तीचे सेल. काम पहाटे पाच ते दहा आणि उन्हं उतरल्यावर, हे तिला तिथली माणसं शिकवतीलच. पण एक तिला आत्ताच सांगा : सोबतच्या कुणाचा घाम थांबला, अंग तापलं आणि तो असंबद्ध बोलायला लागला, तर तो थट्टा करत नाहीये. सावलीत न्यायचं, कपडे भिजवायचे, वारा घालायचा आणि गाडी बोलवायची.

दुर्बीण पहिल्या पगारातून तिची तिला घेऊ द्या. सागाच्या निष्पर्ण फांदीवर भरदुपारी बसलेलं छोटं घुबड दिसलं तर नीट बघायला सांगा. तो रानपिंगळा असू शकतो. १८८४ नंतर शंभरावर वर्षं तो नाहीसाच झाला असं धरून चालले होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आमच्या मेळघाटातही आहे.

आणि भेटायला जाल तेव्हा मिठाई नको. लिंबं न्या, पाच किलो. कुटीवरच्या सगळ्यांना पुरली पाहिजेत.