पीसीच्या कॅबिनेटला १२० मिमीचे तीन फॅन आहेत. कुठला कुठे आणि कोणत्या तोंडाने लावू?

दोन पुढे, हवा आत घेणारे. एक मागे, सीपीयू कूलरच्या रेषेत, बाहेर फेकणारा. आत येणारी हवा थोडी जास्त असली की धूळ फटीफटीतून न शिरता फिल्टरवरच अडते. अर्थात तो फिल्टर महिन्यातून एकदा झटकायला हवा.

फसगत होते ती दिशेत. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते. म्हणजे पुढच्या फॅनच्या काड्या कॅबिनेटच्या आत, मागच्याच्या बाहेर. खात्री नसेल तर पीसी चालू करून उदबत्ती धरा, धूर कुठे ओढला जातो ते लगेच दिसतं.

चौथा फॅन घेतलात तर वर, पण मागच्या कोपऱ्यात, बाहेर फेकणारा. वर पुढे लावला तर ताजी गार हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच तो ती उडवून लावतो.

वायर मदरबोर्डवर SYS_FAN किंवा CHA_FAN लिहिलेल्या पिनांवर जोडा. तीन पिनांचा फॅन सतत घोंघावत असेल, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) त्याचा मोड पीडब्ल्यूएम (चार पिनांच्या फॅनसाठीचा) ऐवजी डीसी (व्होल्टेज बदलून वेग ठरवणारा) करा. आणि पुढचं पॅनल सलग काचेचं असेल, तर फॅन वाढवून फारसा उपयोग नाही.