नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. माझा रिपोर्ट चुकला असेल का? पुढे मलाही होईल का?

ताई, आमच्या घरी आठ वर्षांपासून हेच आहे. हे पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. दोन वर्षं निरोध न वापरता तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह कसा, असं विचारलंय तुम्ही. माझाही तसाच आला होता. इथल्या एका खासगी लॅबवाल्याने तोंडावर सांगितलं, "मॅडम, असं होतच नाही, परत करा." घाबरून महिन्याभरात तीनदा रक्त दिलं. पैसे गेले ते गेले, झोपही गेली.

होतं बाप्पा असं. पुरुषाकडून बाईला एका संबंधातून लागण होण्याचं सरासरी प्रमाण दहा हजारांत आठच्या आसपास धरतात. पण त्यावर विसंबू नका. रक्तात विषाणू जास्त असला किंवा जखम असली की धोका वाढतो. त्यामुळे आता निरोध हवाच. शेवटच्या असुरक्षित संबंधाला तीन महिने झाले की नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशनाच्या सरकारी सेंटरमध्ये, एकदा तपासा. फुकट आहे, नाव कुठे फुटत नाही. मग दर सहा महिन्यांनी पुरे.

खरं सांगू? तुमच्या रिपोर्टपेक्षा त्यांच्या व्हायरल लोडकडे, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याकडे, लक्ष द्या. मला हे उशिरा कळलं. २०१६ साली 'पार्टनर' नावाचा युरोपातला अभ्यास छापून आला. त्यातली जोडपी आपल्यासारखीच, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांमुळे एक मिलिलिटर रक्तात २०० च्या खाली होता. निरोधाशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले, आणि जोडीदाराकडून लागण झालेली एकही नाही. सेंटरच्या समुपदेशक मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले.

पण हे गोळ्या चुकल्या नाहीत तरच. सुरू करून साधारण सहा महिन्यांनी व्हायरल लोड तपासतात. तो दबलाय असं डॉक्टर म्हणेपर्यंत निरोध सोडू नका. तोवर निरोध फाटलाच तर ७२ तासांच्या आत सेंटर नाहीतर कॅज्युअल्टी गाठा. २८ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो, आणि जितक्या लवकर तितकं बरं. एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने काही होत नाही, त्यात जीव जाळू नका.

लेकरू होऊ द्यावं का, हेही विचारलंय तुम्ही. आमची पोरगी चार वर्षांची आहे. ह्यांचा लोड दबल्यावर डॉक्टरांना विचारूनच ठरवलं होतं. मी निगेटिव्ह, म्हणून तिला लागायचा प्रश्नच आला नाही.

आमच्याकडे रात्री साडेनऊला मोबाइल वाजतो आणि हे गोळी घेतात. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. गावी जाताना बाटली खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबते. तुम्हीही सध्या सासरी सांगायची घाई करू नका. आधी दोघं मिळून सेंटरवर जा, आणि आज रात्रीच बोलावंसं वाटलं तर १०९७ ही एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन लावा, मराठीत बोलतात.