नऊ वर्षांच्या अकरा वह्या

"मॅडम, वय सत्तेचाळीस आहे, हातात पदवी नाही, इतक्या वर्षांत घराबाहेर कामाला गेलेले नाही. आता मला कोण काम देणार, आणि मी सुरुवात तरी कुठून करू?" हा प्रश्न नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या लहानशा समुपदेशन केंद्रात महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतो. विचारणारी व्यक्ती कधी सातपूर-अंबडच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेला फिटर असते, कधी घटस्फोटानंतर माहेरी परतलेली स्त्री, तर कधी मोठ्या आजारातून उठलेला दुकानदार. कारणे बदलतात, प्रश्न जवळजवळ तोच राहतो. पूर्वी मी त्यावर उत्साहाने उत्तर देत असे आणि लगेच अभ्यासक्रमांची, संस्थांची नावे सांगू लागत असे. ती सवय मोडली ती एका ताईंमुळे. त्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई सिडकोत राहतात. त्यांना माझ्याकडे आणले ते सिन्नरहून आलेल्या त्यांच्या थोरल्या भावाने. पती अंबडमधील एका कारखान्यात होते. चाळिशीत त्यांना मेंदूतील रक्तस्राव झाला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्यानंतर नऊ वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. आजार सुरू झाला तेव्हा ताई सदतीस वर्षांच्या आणि मुलगी बारा वर्षांची होती. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. पती जाऊन सहा महिने झाले होते आणि भावाच्या शब्दांत सांगायचे तर "हिचा जीव कशात रमत नाही, दिवसभर नुसती बसून असते."

ताईंनी स्वतः मात्र वेगळीच तक्रार सांगितली. त्यांना रोज रात्री बारा, दोन आणि चार वाजता जाग येत असे. खिळलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि हे काम त्यांनी नऊ वर्षे गजर न लावता केले होते. आता खाट रिकामी होती, पण जाग येताच त्यांचा हात सवयीने खाटेच्या कठड्याकडे जात असे.

पहिल्या भेटीत मी काही गोष्टी तपासून घेतल्या, आणि ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनीही त्या टाळू नयेत. भूक, वजन, झोप, एकाग्रता यांविषयी विचारले, जीव नकोसा होतो का हेही आडपडदा न ठेवता विचारले, आणि फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घेण्यास सांगितले. मरणाचे विचार येत असतील तर समुपदेशनाच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. ताईंच्या बाबतीत ती वेळ नव्हती. त्यांना शोक होता आणि त्या शोकाच्या खाली आणखी काहीतरी होते, जे तिसऱ्या भेटीपर्यंत वर आले नाही.

तिसऱ्या भेटीत त्या एकदम म्हणाल्या, "मॅडम, ते गेले त्या रात्री मी सलग सात तास झोपले. सकाळी उठले तेव्हा मला बरं वाटलं. घरात माणूस गेलंय आणि मला बरं वाटलं." दहाव्या दिवशी रामकुंडावर विधी झाला, तोवर लोकांचा राबता होता. घर रिकामे झाल्यावर मात्र दोन वाजताची जाग सुरू झाली. मला वाटते, त्या एका रात्रीच्या झोपेची भरपाई त्यांचे मन रोज रात्री करत होते. दीर्घ आजाराच्या शेवटी सोडवणूक झाल्याची भावना फार लोकांना येते. प्रेम असूनही येते, किंबहुना प्रेमाने केलेल्या कष्टांनंतरच अधिक येते, आणि ती कोणाजवळ बोलता येत नाही म्हणून अपराधभावाचे रूप घेते. हे मी त्यांना सांगितले. त्या बराच वेळ रडल्या. नव्या आयुष्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, तो काढूही नये.

येथे थोडे विषयांतर करते. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारियनथाल या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असे दिसले की हाताशी वेळच वेळ असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी केले आणि पुरुष रस्त्याने पूर्वीपेक्षा सावकाश चालू लागले. काम पैशाबरोबर दिवसाला आकार देते, माणसांशी गाठ घालून देते, आपण कोण हे सांगते, हा याहोदा यांचा विचार पुढे फार महत्त्वाचा ठरला. आपण तो नोकरदार पुरुषांना सहज लावतो. ताईंच्या बाबतीत पगार नव्हता म्हणून कोणी त्याला काम म्हटले नव्हते, पण नऊ वर्षांचे पूर्णवेळ काम एका सकाळी संपले होते. भावाला जी "नुसती बसून असते" अशी दिसत होती, ती खरे तर बेकार झालेली बाई होती.

ही गोष्ट कळूनही मी पुढे चूक केली. चौथ्या-पाचव्या भेटीत झोप थोडी सुधारली आणि पैशांचा प्रश्न पुढे आला. पतीच्या विम्याचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे होते, परंतु मुलीचे शिक्षण संपेपर्यंतच पुरतील इतके. भावाच्या मनात त्यातून पोळीभाजी केंद्र काढून द्यायचे होते. घरात मृत्यू झाल्यानंतरचे पहिले वर्ष घर विकणे, एकरकमी पैसे गुंतवणे असे मागे न फिरवता येणारे निर्णय घेऊ नयेत, असे माझे मत आहे आणि ते मी भावाला सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नाही. शेजारच्या बायका म्हणत होत्या, नर्सिंग ब्युरोत नाव घाला, रुग्णसेवेचा तुमच्याइतका अनुभव कोणाला आहे? मलाही ते पटले. मी रुग्णसहायकाच्या प्रशिक्षणाची माहिती काढली, कागदावर लिहून दिली आणि समाधानाने दार लावले.

त्यानंतर ताई तीन आठवडे आल्या नाहीत. आल्या तेव्हा तो कागद त्यांनी घडी न उलगडता टेबलावर ठेवला. "मॅडम, मी ह्यांचं केलं कारण ते माझे होते. आता पुन्हा कुणाची पाठ पुसायला मला लावू नका." माझी चूक साधीच होती, आणि ती हितचिंतकांकडून सर्रास होते. माणसाने जे सर्वाधिक काळ केले तेच त्याला आवडते आणि जमते, असे आपण धरून चालतो. नऊ वर्षांतले कोणते काम नाइलाजाने झाले आणि कोणत्या कामात त्यांचे मन गुंतले, हे मी विचारलेच नव्हते.

म्हणून मी विचारले, "त्या सगळ्या वर्षांत वेळ कधी गेला ते कळलं नाही, असं कधी झालं होतं का?" त्यांनी चटकन उत्तर दिले नाही. पुढच्या वेळी त्या कापडी पिशवीत अकरा वह्या घेऊन आल्या. दोनशेपानी वह्या, प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने: वेळ, रक्तदाब, साखर, पोटात गेलेले, बाहेर पडलेले, औषध, खर्च. डॉक्टर म्हणे तपासणीआधी वहीच मागत. बरोबर एक जाडजूड फाईल होती आणि ती उघडताच त्यांचा आवाज बदलला. तिसऱ्या वर्षी विमा कंपनीने रुग्णालयाचा दावा नाकारला होता. रक्तदाबाचा जुना आजार लपवला, असे कारण दिले होते. ताईंनी जुनी कागदपत्रे शोधली, कंपनीकडे लेखी तक्रार केली, महिनाभर वाट पाहिली आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. या अर्जाला शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत तो करावा लागतो. निकाल ताईंच्या बाजूने लागला. त्यानंतर रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या कितीतरी अनोळखी माणसांना त्यांनी दाव्याचे फॉर्म भरून दिले होते. "त्यात काय, कागद तर लावायचे असतात ओळीनं," असे त्या म्हणाल्या, पण गेल्या अडीच महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिले.

रुग्णालयांत मेडिक्लेमचे कागद सांभाळणारा स्वतंत्र विभाग असतो आणि तेथे माणसे लागतात, हे सांगितल्यावर मात्र त्यांच्या तोंडून नकारांची माळ सुरू झाली. मला कोणी उभे करणारच नाही. माझ्याकडे पदवी असायलाच हवी होती. आता काही केले तर ते जमलेच पाहिजे, नाही तर लोक हसतील. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा असा की आपली इच्छा जेव्हा हट्टाग्रही मागणी होते तेव्हा ती आपल्याला पंगू करते. मराठीत हे समजवायला एक "च" पुरतो. पदवी असती तर बरे झाले असते, हे खरे आहे. असायलाच हवी होती, हे आपण वर चढवलेले आहे. मी ताईंना त्यांची वाक्ये वहीत लिहायला लावली आणि प्रत्येक "च" भोवती गोल काढायला सांगितले. वह्या आखण्याची सवय असल्यामुळे त्यांनी तेही दोन रकाने पाडून केले, डावीकडे "च" असलेले वाक्य आणि उजवीकडे तो काढून टाकलेले. हा उपाय जादूचा नाही. पण उजवीकडचे वाक्य खरे वाटू लागले की माणूस निदान चौकशीला बाहेर पडतो.

त्या बाहेर पडल्या. आधी एमएस-सीआयटीच्या वर्गाला, जिथे शेजारच्या खुर्चीवर अठरा वर्षांची मुले आणि शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची होती. पहिला आठवडा अपमानाचा गेला असे त्या सांगतात. एक्सेलची पाळी आली तेव्हा रकान्यांशी जुनी ओळख निघाली. लग्नामुळे बी. कॉम.चे दुसरे वर्ष सुटले होते, ते गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या, १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पुरे करायचे त्यांनी स्वतःहून ठरवले. मी आग्रह केला नव्हता. पदवीने नोकरी मिळेल या समजुतीने अनेक जण पदवीच्या आड लपून आणखी तीन वर्षे घालवतात, म्हणून दोन्ही गोष्टी बरोबरीने चालू ठेवा, एवढेच मी म्हटले.

मुलाखतीची तयारी आम्ही एकाच प्रश्नाची केली: नऊ वर्षे काय करत होता? तो खंड लपवू नये, त्याबद्दल माफी मागू नये आणि त्याची करुण कहाणीही सांगू नये. ताईंचे उत्तर तीन वाक्यांचे होते, त्यातले तिसरे असे: "नाकारलेला दावा लोकपालांकडे नेऊन मी स्वतः मंजूर करून घेतला आहे, फाईल सोबत आणली आहे." पहिल्या रुग्णालयाने पंचविशीतली मुलगी हवी म्हणून तोंडावर सांगितले. दुसऱ्याने कळवतो म्हटले आणि कळवले नाही. तिसऱ्या, द्वारका परिसरातल्या एका लहान रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी फाईल चाळली आणि महिनाभर काम पाहू म्हणून बारा हजारांवर घेतले.

ही गोष्ट येथे संपवली असती तर वाचायला बरी वाटली असती. दुसऱ्याच महिन्यात पतीसारखाच एक रुग्ण आला, तीच बाजू, तेच वय, आणि त्याची बायको खिडकीशी येऊन विचारू लागली, "किती दिवस लागतील हो बरं व्हायला?" ताईंनी फॉर्म घेतला, प्रसाधनगृहात जाऊन रडल्या आणि संध्याकाळी मला फोन करून म्हणाल्या की मी उद्यापासून जाणार नाही. मी त्यांना थांबा म्हटले नाही आणि सोडा असेही म्हटले नाही. दोन दिवस रजा घ्या आणि तिसऱ्या दिवशी ठरवा, एवढेच सुचवले. त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. त्या बाईंच्या कागदांत त्रुटी राहिली होती आणि ती आपल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही, हे त्यांना रात्री चारला जाग आली तेव्हा आठवले होते.

आता सव्वा वर्ष झाले. पगार थोडा वाढला आहे, तरी मुलीला नोकरी लागेपर्यंत ओढाताण राहणारच आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये रोकडविरहित (कॅशलेस) उपचारांच्या परवानगीसाठी एक तासाची आणि घरी सोडताना अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मुदत घालून दिली, ती त्यांनी खिडकीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून लावली आहे आणि कंपन्यांच्या माणसांशी त्यावरून त्या फोनवर भांडतात. भाऊ अजूनही पोळीभाजी केंद्राची आठवण काढतो. बारा आणि दोनची जाग थांबली आहे, चारची आहे. त्या वेळी त्या उठून मुक्त विद्यापीठाची पुस्तके काढतात. दिवाळीनंतर त्यांनी पतीची खाट रुग्णोपयोगी साहित्य भाड्याने देणाऱ्या एका केंद्राला देऊन टाकली. टेम्पो निघून गेल्यावर खाटेचा डोक्याकडचा भाग वर-खाली करण्याचा लोखंडी दांडा दाराआड राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले. तो त्यांनी आठ दिवस घरात ठेवला आणि मग कामावर जाताना स्वतः नेऊन दिला.