बागेतल्या पक्ष्यांना मातीतलं गांडूळ सापडतं कसं? वास येतो का त्यांना?

वास नाही. डोळे, आणि काहींच्या बाबतीत कान. हे ठासून सांगतेय, कारण "पक्षी वासावर येतात आणि खताची गांडुळं संपवतात" हे मी आमच्याच घरात कित्येक वर्षं ऐकतेय.

आमचं घर रत्नागिरीकडचं. माझे धाकटे दीर गांडूळखत करतात आणि आगरात, म्हणजे घराभोवतीच्या बागेत, दयाळ पक्षी दिसला की पत्र्याचा डबा बडवतात. बिचारा दयाळ खताच्या शेडमध्ये पाऊलही टाकत नाही. मी अळवाच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसले की तो गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, येऊन बसतो, शेपटी उभारतो आणि माझ्या हाताखालच्या मातीकडे बघत राहतो. ढेकूळ फुटून काही वळवळलं की खाली झेप, उचललं की परत गडग्यावर. बहुतेक वेळा किडा असतो, कधीतरी गांडूळ. वळवळ थांबली तर त्याच जागी पडलेलं गांडूळही तो सोडून देतो, हे मी समोर बसून पाहिलंय. वास येत असता तर सोडलं असतं का? भावोजींना हे दाखवायला हाक मारली, तर ते डबा घेऊनच आले.

अमेरिकन रॉबिन या पक्ष्यावर यासाठी मुद्दाम प्रयोग झाले आहेत. 1965 साली फ्रँक हेपनर यांनी निष्कर्ष काढला की तो बिळाच्या तोंडाशी आलेलं गांडूळ डोळ्यांनी टिपतो. 1997 साली माँटगोमेरी आणि वेदरहेड यांनी अळ्या मातीत पुरून पाहिल्या. दिसण्याची सोय नसतानाही रॉबिनला त्या सापडल्या, पण आवाजाचा गोंगाट लावल्यावर शोध मंदावला. म्हणजे कानही कामाला येतात. आपला दयाळ त्या रॉबिनचा सख्खा भाऊ नव्हे, तेव्हा तिथलं सगळं जसंच्या तसं इथे लावू नका. आणि न्यूझीलंडचा किवी पक्षी वेगळाच: त्याच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात, तो खरंच वास घेतो. पण तुमच्या बागेत किवी नाही.

पावसाळ्यात सकाळी मेजवानी असते, कारण गांडूळ कातडीने श्वास घेतं आणि ओल असली तरच वर फिरू शकतं. ढोकरी, म्हणजे भुरा बगळा, तेव्हा दगडासारखी उभी राहून वाट बघते. साळुंक्या नांगरामागून चालतात.

तुमच्याकडे खताचा वाफा असेल तर त्यावर ओलं गोणपाट घाला आणि शेडला जाळी लावा, एवढं पुरतं. खताच्या गांडुळांची जात, आयसेनिया फेटिडा, शेण-पाल्यातच राहते, शेतातली गांडुळं वेगळी. आगरात पक्ष्याने खाल्लेलं गांडूळ तुमच्या वाफ्यातलं नसतं. आणि घरात कोणी डबा बडवत असेल तर तो काढून घ्या. नांगरणीत उघडी पडलेली हुमणी, म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, वेचायला आलेल्या साळुंक्या आणि कावळेही त्याच आवाजाने उडून जातात, आणि मग भावोजी हुमणीसाठी औषध आणायला बाजारात जातात.