वेसनॉथ: चार कॅप्टन झालेत, आता मेजचं काय करू?

तुझा प्रश्न नीट वाचला. वेसनॉथ या पाळीपाळीनं खेळायच्या लढाईच्या कॉम्प्युटर गेममधल्या 'हेअर टू द थ्रोन' मोहिमेत बे ऑफ पर्ल्स हा सिनॅरिओ (मोहिमेतला एक टप्पा) पार केलास आणि आता मफ मलालच्या द्वीपकल्पावर सांगाडे तुला झोडपून काढतायत. हाताशी चार एल्विश कॅप्टन आहेत, दोन मार्क्समन (नेमबाज) आहेत, आणि एक मेज (जादूगार) पुढच्या लेव्हलच्या अगदी तोंडाशी आलाय. त्याला व्हाइट मेज करू की रेड मेज, एवढंच तू विचारलंयस.

व्हाइट कर. पण तुझं खरं दुखणं मेजमध्ये नाही, त्या चार कॅप्टनांत आहे. ते नीट समजून घेतलं नाहीस तर पुढच्या तीन सिनॅरिओनंतर परत हाच प्रश्न घेऊन येशील, म्हणून जरा लांबण लावतो. तसंही मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नाही.

आधी लीडरशिप, म्हणजे शेजाऱ्यांचा मार वाढवायची कॅप्टनची खासियत, नेमकी कशी चालते ते बघ. कॅप्टन शेजारच्या घरात उभा असेल तर त्याच्यापेक्षा खालच्या लेव्हलच्या युनिटला प्रत्येक लेव्हलच्या फरकामागे 25 टक्के जास्त डॅमेज मिळतो. इथं 'खालच्या' हे विसरायचं नाही. लेव्हल 2 चा कॅप्टन लेव्हल 1 च्या फायटरला (एल्व्हजचा साधा तलवारवाला, तोच पुढं कॅप्टन किंवा हीरो होतो) 25 टक्के देतो, पण शेजारच्या दुसऱ्या कॅप्टनला काहीच देत नाही. स्वतःलाही नाही. दोन कॅप्टन एकाच फायटरच्या दोन बाजूंना उभे केलेस तरी 50 टक्के होत नाहीत, ज्याचा बोनस मोठा तेवढाच लागू होतो. म्हणजे चार कॅप्टन एकत्र चालले की चौघंही एकमेकांच्या काही कामाचे नाहीत. वर मोहिमेचा नायक कॉनरॅड लेव्हल 2 ला कमांडर होतो तेव्हा त्याच्याकडेही लीडरशिप येते. मग कॅप्टन किती लागतात? एक. फार तर दोन, आणि तेही सैन्य दोन वाटांनी पाठवायचं असेल तर.

तरी सगळे पहिल्यांदा खेळताना कॅप्टनच करतात, कारण अपग्रेडची चौकट उघडली की 'लीडरशिप' लिहिलेलं दिसतं आणि हीरोपुढं मात्र नुसते आकडे. हीरोची तलवार 8-4 (एका वाराला 8 डॅमेज, असे 4 वार), कॅप्टनची 7-4. एकाचा फरक बघून माणूस म्हणतो, त्यात काय एवढं. पण तो एक चार वारांत चारदा मोजला जातो, आणि हीरो पुढं चॅम्पियन झाला की 9-5 वर जातो. आमच्या नव्या पेठेतल्या टोळक्यात शनिवारी एकाच लॅपटॉपवर पाळीपाळीनं खेळायचा हॉटसीट चालतो, तिथं एक गडी आहे जो आयुष्यात कधी कॅप्टन करत नाही. सगळे हीरो. मला तेही पटत नाही. लेव्हल 1 ची ताजी भरती घेऊन लढायचं असेल तर एक कॅप्टन मधोमध ठेवला की तीन-चार फायटर एकदम जड हाताचे होतात. पण चार कॅप्टनांपेक्षा चार हीरो कधीही परवडले, हे मी त्याला कबूल करतो.

आता मुख्य मुद्दा. चौकट उघडते तेव्हा निर्णय घ्यायची वेळ टळून गेलेली असते. आपल्याकडं जकार्डच्या चादरीवर मोर येणार की हत्ती, हे धोटा धावायला लागल्यावर कुणी ठरवत नाही, ते कार्डं पंच करतानाच ठरलेलं असतं. तसंच इथं निर्णय होतो तो किल, म्हणजे शत्रूला संपवणारा वार, कुणाच्या हाती जातो त्या क्षणी. लेव्हल 1 चा शत्रू मारला की 8 एक्सपी (अनुभवाचे गुण, ते भरले की लेव्हल चढते), लेव्हल 2 चा मारला की 16, लेव्हल 3 चा 24. नुसतं लढलं तर शत्रूची जेवढी लेव्हल तेवढेच, म्हणजे 1 किंवा 2. एक किल म्हणजे आठ वेळा लढण्याइतकी कमाई! म्हणून शेवटचा वार कुणाचा, यावर तुझं पुढचं अख्खं सैन्य ठरतं. कॉनरॅडचा म्हातारा जादूगार साथी डेल्फाडोर लेव्हल 5 चा आहे, त्याच्या हाती गेलेला किल जवळजवळ वायाच. त्याला शत्रू अर्धमेला करायला वापर, संपवायला नको. घोड्यावरच्या स्काउटचंही तेच. त्याला पोसू नकोस, तो गावं धरायला बरा.

एक उदाहरण घे. एक ऑर्क ग्रंट आहे, त्याचे 14 एचपी (अंगातला जीव) उरलेत. शेजारी फायटर आहे, त्याला लेव्हलला 8 एक्सपी कमी. दुसऱ्या बाजूला आर्चर, त्याला अजून 25 कमी. आणि डेल्फाडोर. नवीन माणूस काय करतो? आधी फायटर पाठवतो, कारण तो तगडा. फायटर दोन वार लावतो, 10 जातात, ग्रंट जिवंत राहतो, मग आर्चर येऊन किल घेऊन जातो. जुना माणूस आर्चरला आधी पाठवतो. ग्रंटकडं लांबून मारायचं शस्त्रच नाही, आर्चरला ओरखडाही येत नाही. मग उरलेलं काम फायटर करतो. हल्ला करण्याआधी डॅमेज कॅल्क्युलेशन्सचं बटण दाब, शत्रू मरण्याची शक्यता टक्क्यांत दिसते. ती 20 च्या खाली असेल तर तो हल्ला आधी, 60 च्या वर असेल तर शेवटी. मी तरी असंच करतो.

आणि लेव्हल मिळाली की युनिट पूर्ण बरं होतं, हेही हिशेबात धर. जखमी फायटर लेव्हलला आलेला असेल तर त्याला मागं गावात पाठवायची घाई करू नकोस. एक किल दिलास की तो ताजातवाना होऊन तिथंच उभा राहतो, आणि समोरच्याची फळी मोडते.

आता पोसायचं कुणाला? इथं जन्मजात गुण बघायचे, म्हणजे ट्रेट. स्ट्राँग फायटर असेल तर प्रत्येक वाराला 1 जास्त, म्हणजे तो हीरोच. त्याला कॅप्टन केलंस तर मागं उभा राहून ती ताकद कुजते. क्विक असेल तर एक पाऊल जास्त चालतो पण एचपी कमी, तो कॅप्टन म्हणून चांगला, हवा तिथं वेळेवर पोहोचतो आणि स्वतः कमी लढतो. इंटेलिजंटला 20 टक्के कमी एक्सपी लागतात, पहिली लेव्हल त्यालाच दे. आर्चरमध्ये डेक्स्ट्रस दिसला तर बाण प्रत्येकी 1 ने जड, त्याला जप.

आर्चरवरून तुझ्या मार्क्समनकडं येतो. मार्क्समनची खासियत अशी की हल्ला करताना नेम किमान 60 टक्के लागतो. ऐकायला भारी वाटतं. पण ऑर्क मोकळ्या मैदानात उभा असेल तर तो तसाही 60 टक्के लागतो! मैदानावर मार्क्समनची खासियत शून्य. ती कामाला येते शत्रू डोंगरात चढला किंवा त्यांचा म्होरक्या किल्ल्यात बसला की. तिथं बाकीच्यांचा नेम 40 वर येतो आणि याचा 60 वरच राहतो. आणि बचाव करताना ती चालतच नाही. आर्चरचा दुसरा रस्ता रेंजर, तो झाडीत लपतो. एल्व्हजच्या सिनॅरिओत झाडी भरपूर असते, शत्रू त्याच्या अंगावर येऊन आदळेपर्यंत त्याला तो दिसत नाही. माझं मत विचारशील तर या मोहिमेत एक मार्क्समन, बाकी रेंजर. पण हे मत आहे, यावर आमच्यात भांडणं झालीयत.

सांगाड्यांपुढं मात्र दोघंही निकामी. सांगाड्यावर बाण-भाल्याचा मार 60 टक्के कमी लागतो, तलवारीचा 40 टक्के कमी. गदा, दगड, आग मात्र 20 टक्के जास्त लागते. आता आकडे बघ, दिवस-रात्रीचा फरक बाजूला ठेवून. तुझ्या कॅप्टनची तलवार 7 ची, सांगाड्यावर ती 4 ची होते. चारही वार लागले तरी 16. हीरोची 8 ची 5 होते, चारही लागले तर 20. सांगाड्याचे एचपी 34. आणि साधा लेव्हल 1 चा मेज? त्याची आग 7-3, सांगाड्यावर 8 होते, तीन वारांत 24, आणि जादू असल्यामुळं नेम 70 टक्के, शत्रू कुठंही उभा असो. वर साध्या सांगाड्याकडं फक्त कुऱ्हाड असते, लांबून मारलेल्याला तो उलट मारत नाही. म्हणजे 20 सोन्याला मिळणारा कच्चा मेज तुझ्या चारपैकी कुठल्याही कॅप्टनपेक्षा इथं भारी. फक्त मेजला रात्री पुढं ठेवू नकोस. तो दिवसाचा माणूस, सांगाडे रात्रीचे. रात्री याचा मार 25 टक्के घटतो आणि त्यांचा तेवढाच वाढतो. एल्व्हजना दिवस-रात्र सारखंच, म्हणून रात्री पुढची फळी त्यांची आणि मेज मागं.

मग पहिला मेज व्हाइट का, रेड का नाही? रेडची आग जास्त, 8-4. पण व्हाइट मेज शेजारच्या सगळ्यांना दर टर्नला 8 एचपी देतो आणि विष उतरवतो. शमन, म्हणजे एल्व्हजची लेव्हल 1 ची वैद्य, फक्त 4 देते. शिवाय व्हाइटचा प्रकाशाचा मारा सांगाड्यांना आगीपेक्षाही जास्त झोंबतो. आणि पुढं तो मेज ऑफ लाइट झाला की रात्रीसुद्धा त्याच्या आजूबाजूला उजेड पडतो, तुझी माणसं अंधारात पांगळी होत नाहीत. दुसरा मेज रेड कर, खुशाल. तिसऱ्याच्या वेळी सैन्यात काय कमी आहे ते बघून ठरव.

शमनबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक ठेवलीच नाहीस. ठेव. तिचा मार क्षुल्लक असतो, पण ती ज्याला स्लो करते त्याचा डॅमेज आणि चाल दोन्ही निम्मी होतात. सांगाडा असो की ट्रोल, आधी शमनचा फास, मग बाकीच्यांचे वार. तिची ड्रुइड केलीस तर 8 एचपीची दुसरी वैद्य मिळते, सॉर्सरेस केलीस तर बरं करणं जातं आणि जादूचा मारा येतो. व्हाइट मेज हाताशी असेल तर एक सॉर्सरेस करायला हरकत नाही. नसेल तर ड्रुइडच.

सोन्याचं राहिलं. लेव्हल 2 च्या युनिटला दर टर्नला 2 सोनं पोसणावळ, लेव्हल 3 ला 3, आणि प्रत्येक गाव एका लेव्हलचा खर्च उचलतं. मैदानात न बोलावता यादीत बसलेल्या युनिटला मात्र काही लागत नाही. रिकॉल, म्हणजे जुन्या युनिटला यादीतून परत बोलावणं, कुणाचाही असो, 20 सोनं. म्हणजे लेव्हल 2 वाला 20 ला मिळणं हा सौदाच, पण लेव्हल 1 चा फायटर 20 ला बोलवायचा आणि नवा 14 ला मिळत असताना? तो लेव्हलच्या जवळ असेल तरच. कितीतरी जण जुन्या माणसाची माया म्हणून कच्चे फायटर परत परत बोलावतात आणि मग मेजला सोनं उरत नाही. उरलेलं सोनंही पुढं पूर्ण येत नाही, साधारण 40 टक्केच येतं, तेव्हा या सिनॅरिओत कंजूषी करून फार काही साठत नाही.

'द साउथ गार्ड' ही दुसरी मोहीम खेळणाऱ्यांसाठी जाता जाता. स्पीअरमनचे तीन रस्ते आहेत: पाइकमन, स्वॉर्ड्समन, जॅव्हलिनियर. घोडेस्वार येणार असतील तर पाइकमन. मुडदे येणार असतील तर तिघांपैकी कुणालाच पोसू नका, किल हेवी इन्फंट्रीच्या गदेला द्या.

आता तुझा सेव्ह. सिनॅरिओच्या सुरुवातीचा सेव्ह आपोआप पडलेला असतो, तो उघड. चारपैकी एकच कॅप्टन बोलाव, ज्याचे एक्सपी जास्त आहेत तो, आणि तोच मार्शल होईल या बेतानं किल दे. मार्शल लेव्हल 3 चा, तो लेव्हल 2 वाल्यांनाही 25 टक्के देतो, तेव्हा कुठं तुझ्या बाकीच्या कॅप्टनांचा उपयोग होईल. तोपर्यंत ते यादीत पडून राहू देत, पोसणावळ नाही. तो लेव्हलला आलेला मेज बोलाव, आणखी दोन मेज आणि दोन शमन नवीन भरती कर, पुढं उभं राहायला तीन-चार फायटर घे. कुठं शत्रूचा डार्क अ‍ॅडेप्ट (काळा जादूगार) दिसला तर तो फायटरांचा. त्याच्याकडं जवळून मारायचं शस्त्र नाही, तलवारीनं मारलं की उलट वारच येत नाही, फुकटचे 8 एक्सपी. मार्क्समन दोघंही इथं बोलावू नकोस. पुढं क्रॉसरोड्स या सिनॅरिओत ऑर्क परत डोंगरातून येतात, तेव्हा 40 सोनं बाजूला ठेवून दोघांना बोलाव.