वाचकांचे प्रश्न : जपानी घरातल्या तीन रात्री

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेची आठ दिवसांची अभ्याससहल जपानमधील ओकायामाला जाणार असून त्यांपैकी तीन रात्री मुले जोडीजोडीने एकेका जपानी कुटुंबात राहणार आहेत. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. मुलगी बुजरी आहे आणि तिला जपानीची जेमतेम ओळख आहे. या तीन रात्री तिला शिक्षकांबरोबर हॉटेलातच ठेवावे, अशी विनंती शाळेला करावी का?
– एक आई, पुणे

उत्तर : कृपया तशी विनंती करू नका. ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आपल्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान उभे राहिले, ती 1700 साली पूर्ण झालेली मूळ बाग ती ओकायामात पाहीलच. पण बाग पुढेही कधी पाहता येईल, चौदाव्या वर्षी परक्या घरातले मूल होऊन राहण्याची संधी पुन्हा येणार नाही. विद्यार्थ्यांच्या गटांबरोबर मी स्वतः जपानला गेले आहे आणि परतल्यावर मुले सर्वाधिक बोलतात ती त्या घरांविषयीच, हा माझा अनुभव आहे.

जेवणाची काळजी मात्र रास्त आहे. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून तिथे भागत नाही, कारण वरवर शाकाहारी दिसणाऱ्या मिसो सूपमध्ये, भाज्यांमध्ये आणि नूडल्सच्या रश्श्यात बहुधा ‘दाशी’, म्हणजे चवीसाठी घातलेले अर्काचे पाणी, असते, आणि ती पुष्कळदा सुकवलेल्या माशाच्या किसापासून काढलेली असते. जपानी करीच्या तयार वड्यांतही अनेकदा प्राण्यांची चरबी असते. त्यात यजमानांचा काही दोष नाही. आपण फोडणीतला हिंग जसा वेगळा मोजत नाही, तशीच दाशी त्यांच्या लेखी वेगळी मोजली जात नाही. म्हणून काय चालत नाही आणि काय चालते, हे दोन्ही जपानीत स्वच्छ लिहून द्या : मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी नको, कोंबू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंबीची दाशी, तोफू, भात, भाज्या, दूध चालेल. माझ्या गटातील एका मुलीची अशी चिठ्ठी तिच्या यजमान आईने फ्रिजवर चुंबकाने लावली होती आणि बाजारातून आणलेल्या प्रत्येक पाकिटावरचे घटक ती बोट ठेवून त्या चिठ्ठीशी ताडून पाहत होती. हॉटेलच्या न्याहारीच्या टेबलावर इतक्या आस्थेने कोण पाहणार?

दुसरी गोष्ट स्नानाची, जी पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. जपानी घरात टबाबाहेर बसून साबण लावून, स्वच्छ धुऊन घ्यायचे आणि मगच गरम पाण्यात शांत बसायचे असते, कारण तेच पाणी घरातील सर्वजण एकामागून एक वापरतात. पाहुण्याला बहुधा पहिला मान मिळतो. आमच्या एका मुलाने स्नान आटोपल्यावर, आपल्याकडच्या स्वच्छतेच्या सवयीने, टबाचे बूच काढून सगळे पाणी सोडून दिले. घरच्यांनी चकार शब्द न काढता टब पुन्हा भरला. मुलाला ते दुसऱ्या दिवशी मित्राकडून कळले आणि तो फार ओशाळला. मुलीला एवढेच सांगून ठेवा की पाणी सोडायचे नाही, टबावर झाकण ठेवून बाहेर यायचे. चपलांचेही तसेच आहे : बूट दारातच काढायचे, शौचालयातल्या सपाता तिथेच सोडायच्या आणि तातामीच्या चटईवर कोणतीच पादत्राणे घालायची नाहीत.

भाषेची भीती बाळगू नका. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येते’. आपल्याकडेही ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, असे आजी शिकवते. परतल्यावर ‘तादाइमा’ म्हटले की आतून ‘ओकाएरी’ असे उत्तर येते. जेवणाआधी ‘इतादाकिमासु’, जेवणानंतर ‘गोचिसोसामा’. बुजऱ्या मुलांना असे ठरलेले शब्द फार आधार देतात, कारण काय बोलावे हा प्रश्नच उरत नाही.

भेट म्हणून घरच्या चकल्या किंवा तिने स्वतः काढलेले वारली चित्र पुरे. महागडी वस्तू दिली तर परतफेडीचे ओझे यजमानांवर पडते. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ता सामानात देऊ नका. औषधांबाबत विशेष दक्षता घ्या : आपल्याकडे सर्दीसाठी सर्रास मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि त्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ती गोळी जपानमध्ये नेण्यास मनाई आहे. डॉक्टरांना विचारूनच औषधांचा डबा भरा.

त्या तीन दिवसांत फोन एकदाच करा. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने आपल्या दुपारी चारच्या सुमारास तिथे साडेसात, म्हणजे जेवणाची वेळ असते. ती टाळून सायंकाळी पाचला करा. आहाराची चिठ्ठी मात्र आत्ताच लिहून शाळेकडे द्या, म्हणजे कुटुंबाची निवड होण्यापूर्वी ती तिथे पोहोचेल.